धुऊन वाळवून मिळेल

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. या दोन तारखांच्या मधल्या काळात कुलाब्यापासून बदलापूरपर्यंत एकाही घरातली जीन्स पूर्ण वाळत नाही. पाय वाळतात, गुडघे वाळतात; कमरेची पट्टी आणि मागचे खिसे तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. मग घरोघरी एकच संवाद होतो. ‘वाळली का गं?’ ‘वाळल्यातच जमा आहे.’ ही वाळल्यात जमा असलेली जीन्स चढवून माणूस लोकल पकडतो आणि राहिलेलं काम ठाणे ते दादर अंगावर होतं.

पावसाळ्यात वन बीएचकेची रचनाच बदलते. बाल्कनी केव्हाच खोलीत घेतलेली असते, त्यामुळे बाहेर उरते ती ग्रिल. ग्रिलवर टाकलेला कपडा पाऊस फुकटात पुन्हा धुऊन देतो. मग कपडे आत शिरतात. पहिल्या आठवड्यात छताच्या पुलीवरच्या दांड्या भरतात. दुसऱ्या आठवड्यात दारांच्या वरच्या कडांवर टॉवेल चढतात आणि घरातलं एकही दार नीट लागेनासं होतं. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्यांना बनियन घातले जातात. खिडकीला लावलेला पडदा आहे की डबल बेडची चादर, हे पाहुण्याला बसल्यानंतर कळतं. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची, तेव्हा निदान मोज्यांचा प्रश्न सुटलेला होता. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडायची आणि शाळेचे मोजे सकाळपर्यंत खडखडीत व्हायचे. नव्या फ्रिजांनी ती जाळी पोटात घेतली आणि मध्यमवर्गाचा पहिला ड्रायर कुणालाही न विचारता बंद झाला.

वाळण्यापेक्षा मोठी भानगड वासाची. कपडा स्वच्छ धुतलेला, साबण सुवासिक, तरी दुसऱ्या दिवशी कुबट वास येतोच. जपानमध्येही जून-जुलैत पावसाची झड लागते आणि तिथेही लोक घरातच कपडे वाळवतात. तिथल्या संशोधकांनी या वासाचा माग काढला, तेव्हा कपड्यात मुरून बसलेला मोरॅक्सेला जातीचा जिवाणू हाती लागला. कपडा जितका जास्त वेळ ओला, तितकी त्याची चंगळ. म्हणजे सुवासिक द्रव कितीही ओता, खरा उपाय एकच: कपडा लवकर वाळला पाहिजे. आणि नेमकं तेच ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत होत नाही. हवेच्या पोटात आधीच पाणी गच्च भरलेलं असतं. तुमच्या टॉवेलमधलं आणखी घ्यायला ती तयार नसते.

अशा वेळी घरात ‘वॉशर ड्रायर’ हा शब्द शिरतो. तो बहुतेकदा व्हिडिओ कॉलवरून येतो. लंडनच्या फ्लॅटमधला भाचा सांगतो, ‘मामी, आम्ही इथे वाळत घालतच नाही. एकाच मशिनमध्ये धुतात आणि वाळतात.’ त्यात तथ्य आहे. इंग्लंडात न्हाणीघरात साधा प्लग पॉइंट बसवायला नियमांची आडकाठी असते, म्हणून वॉशिंग मशिन स्वयंपाकघरात ओट्याखाली जातं. फ्लॅट लहान, दोन यंत्रांना जागा नाही, म्हणून एकातच दोन्ही. मामी प्रभावित होतात. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला रेडिएटरवर पसरलेल्या त्याच भाच्याच्या दोन जीन्स मात्र चौकटीत येत नाहीत. धुऊन वाळवणारं यंत्र घरात असूनही रेडिएटरवर आणि घडीच्या स्टँडवर कपडे वाळत घालणारी घरं त्या देशात रगड आहेत. का, ते पुढे कळेलच.

निर्णय कसा होतो ते पाहायला डोंबिवलीतलं एक घर नमुन्याला घेऊ. माणसं चार: बँकेतले बाबा, शाळेतल्या आई, आठवीतली मुलगी आणि आजी. घरात अकरा वर्षांचं सेमी ऑटोमॅटिक. जुलैतल्या एका रविवारी हे सगळे स्टेशनजवळच्या शोरूममध्ये जातात. बाबांकडे मोजपट्टी आहे, कारण मशिनची जागा दोन बाय दोन फुटांची आहे. इथे पहिली चांगली बातमी मिळते. साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच हे फ्रंट लोडचं ठरलेलं माप. वॉशर ड्रायरही त्याच मापात बसतो. तेवढ्यात विक्रेता येतो.

‘मॅडम, रात्री कपडे टाका आणि झोपा. सकाळी काढा आणि घाला.’

‘इस्त्री?’ आई विचारतात.

‘तेवढी करून घ्यावी लागेल.’

‘आणि ड्रायर तर आमच्या सेमीतही आहे,’ आजी म्हणतात. ‘अकरा वर्षं झाली.’

विक्रेता हसतो, पण आजी निम्म्या बरोबर आहेत. सेमीतली दुसरी टाकी कपडा फिरवून पाणी बाहेर फेकते, वाळवत नाही. मात्र फेकते जोरात. या टाक्या मिनिटाला १३०० ते १४०० फेऱ्यांनी फिरतात, तर आपल्याकडचे बरेचसे फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड ७०० च्या आसपास थांबतात. पिळण्याच्या बाबतीत आजींचं सेमी शेजाऱ्यांच्या नव्या कोऱ्या टॉप लोडला सहज भारी आहे. आता, मिनिटांत कपडे वाळवून देण्याचा वायदा आपल्याकडे नवा नाही. टीव्हीवर व्हिडिओकॉनच्या वॉशिंग मशिनची जाहिरात लागायची तेव्हाच तो देऊन झालेला आहे. ती कंपनी तेव्हाच्या औरंगाबादची. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत कपडे मिनिटांत वाळवायला मशिनच हवं असं नाही, ही गोष्ट वेगळी.

वॉशर ड्रायरमध्ये पिळून झाल्यावर हीटर सुरू होतो. पंखा गरम हवा ड्रममधून खेळवतो, हवा कपड्यातलं पाणी उचलते, पुढे ती हवा थंड करून वाफेचं पुन्हा पाणी केलं जातं आणि ते नळीतून बाहेर जातं. भिंतीला भोक पाडायला नको, बाहेर धुराडं काढायला नको. सगळं जागच्या जागी. आई मान डोलावतात. बाबांची नजर मात्र दारावरच्या स्टिकरवर खिळलेली आहे. तिथे ठसठशीत अक्षरांत ‘८ किलो’ लिहिलंय आणि त्याच्या शेजारी, चष्मा लावला तर दिसेल अशा बेताने, ‘५ किलो’.

‘हे दोन आकडे कसले?’

‘सर, धुण्याची कपॅसिटी आठ, वाळवण्याची पाच.’

‘मग वरचे तीन किलो?’

विक्रेता एक्स्चेंज ऑफरबद्दल बोलू लागतो.

इथेच या खरेदीची सगळी मेख आहे. यात फसवणूक नाही, साधं कारण आहे. धुताना कपडे पाण्यात एकमेकांवर आपटले तरी चालतं, किंबहुना तेच हवं असतं. वाळवताना प्रत्येक कपड्याला उघडून, उधळून घ्यायला मोकळी जागा लागते. ड्रम ठासून भरला तर गरम हवा आत शिरतच नाही आणि चार तासांनी मधोमध एक उकडलेला, ओला गोळा सापडतो. म्हणून वाळवण्याचा आकडा धुण्याच्या आकड्यापेक्षा सहसा लहान. हे बहुतेक कंपन्यांत असंच आहे. लंडनच्या रेडिएटरवरच्या जीन्स याच तीन किलोंमधल्या.

पाच किलो म्हणजे किती? याचा पत्ता बहुतेक घरांना नसतो, कारण कपडे आपण बादलीने मोजतो. डोंबिवलीच्या घरात त्या रात्री बॅग मोजायचा हातकाटा बाहेर निघतो. आजींच्या अमेरिकावारीसाठी घेतलेला, २३ किलोच्या मर्यादेत लोणचं बसवण्याचं काम केलेला काटा. मुलगी वहीत लिहून घेते. डबल बेडची सुती चादर: ९०० ग्रॅम. अंगाचा मोठा टॉवेल: ६०० ग्रॅम. बाबांची जीन्स: ७०० ग्रॅम. दोन चादरी, तीन टॉवेल आणि दोन जीन्स झाल्या की काटा ५ किलोवर. शर्ट, गणवेश, परकर, उशांचे अभ्रे, आजींची सुती नऊवारी, आतले कपडे हे सगळं अजून जमिनीवर ढीग करून पडलेलं. ‘म्हणजे या मशिनला आपल्या घरातले सात कपडे वाळवता येतात,’ मुलगी जाहीर करते. गणित चोख आहे.

यावर उपाय दोन. एक, मुळातच पाच किलो टाकायचे, म्हणजे आठ किलोच्या मशिनचे पैसे मोजून पाच किलोचं वापरायचं. दोन, आठ किलो धुवायचे आणि मधेच मशिन थांबवून तीन किलो ओले कपडे बाहेर काढायचे. कोणते काढायचे, यावर चार माणसांची चार मतं. आणि काढलेले कपडे जातात कुठे? पुलीच्या दांडीवर, दाराच्या कडेवर आणि खुर्च्यांच्या पाठीवर. रात्री कपडे टाकून झोपणाऱ्याला तर मधे उठून हे करावं लागेल. विक्रेत्याच्या वाक्यातला ‘झोपा’ हा शब्द तिथे रद्द होतो.

वेळेचंही पाहू. पाच किलो सुती कपडे धुऊन वाळवून हातात यायला पाच-सहा तास लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ मशिन अडकलेलं. दुसरी खेप लावायची तर पहिलीचं वाळवणं संपायची वाट पाहायची. वेगळा वॉशर आणि वेगळा ड्रायर असेल तर एकात वाळत असताना दुसऱ्यात धुता येतं. एकत्र यंत्राला एका वेळी एकच काम. पावसाळ्यात रविवारी तीन खेपा लावणाऱ्या घराने असलं यंत्र घेतलं, तर तिसरी खेप सोमवारी पहाटे बाहेर येते आणि आई ती शाळेला निघताना बघतात.

पण हे काहीच नाही. खरी गंमत पाण्याची. बऱ्याच वॉशर ड्रायरमध्ये ती गरम, ओलसर हवा थंड करायला नळाचं गार पाणी वापरलं जातं. थोडक्यात, हे यंत्र कपडे वाळवायला पाणी पितं, आणि काही मॉडेलांत एका खेपेला पन्नास लिटरच्या आसपास. बाहेर मुसळधार पाऊस, आत कपड्यातलं पाणी काढायला नळाचं पाणी सुरू. सोसायटीत पाणी सकाळी एक तास येत असेल आणि गच्चीवरच्या टाकीत खडखडाट असेल, तर धुणंच काय, वाळवणंही अडतं. आजींना हे समजावून सांगायला बाबांना दोनदा प्रयत्न करावा लागतो. तिसऱ्या वेळी आजी फक्त ‘असू दे’ म्हणतात. हवेनेच हवा थंड करणारी किंवा हीट पंपवर चालणारी मॉडेलं निघाली आहेत, त्यांना हे पाणी लागत नाही. हीट पंपला वीजही बरीच कमी लागते. किंमत मात्र त्याच मानाने वर जाते.

विजेच्या हिशेबाला शाळेतलं विज्ञान पुरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागतेच; त्यात कोणत्याही कंपनीला सूट नाही. पाच किलो कपडे १४०० फेऱ्यांनी पिळले तरी त्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं. त्याची वाफ करायला दीड-पावणेदोन युनिट, आणि यंत्र, हवा, ड्रम तापवण्यात जे वाया जातं ते धरून हीटरवाल्या यंत्राला प्रत्यक्षात तीन-चार युनिट. युनिटला १० रुपये धरले तर एका वाळवणीचे ३० ते ४० रुपये. चार महिने दिवसाआड लावलं तर साठ खेपा, म्हणजे मोसमाचे दोन हजारांच्या आसपास. हे काही घर बुडवणारं नाही. मेख पुढे आहे. महावितरणचे दर टप्प्यांचे असतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० वेगळा, ३०१ ते ५०० आणखी वेगळा. महिन्याला पन्नास-साठ युनिट वाढले आणि बिल वरच्या टप्प्यात गेलं, तर तेवढे युनिट चढ्या भावाने पडतात.

आता हाच हिशेब छताच्या पंख्याचा करू. जुना पंखा ७५ वॉटचा. दहा तास चालला तर पाऊण युनिट, साडेसात रुपये. नवा बीएलडीसी घेतला तर त्याच्या निम्म्याहून कमी. पंखा कपड्यालगतची ओली हवा हलवतो आणि नवी आणतो, बस्स. पण खोलीभर कपडे पंख्याखाली वाळवले तर ते अडीच लिटर पाणी खोलीतच राहतं; भिंतीवर, चामडी बुटांवर आणि कपाटातल्या पैठणीच्या घडीत जाऊन बसतं. म्हणून खिडकी फटभर उघडी ठेवावी लागते, आणि खिडकी उघडी ठेवली की पाऊस आत. हे चक्र मुंबईत कित्येक पिढ्या चालू आहे.

विजेच्या हिशेबातच १६ अँपिअरचा पॉइंट येतो. पाणी तापवणारं किंवा कपडे वाळवणारं यंत्र जाड पिनांच्या प्लगवर चालतं. जुन्या इमारतीत मशिनच्या जागेजवळ असतो तो बारका पॉइंट, पंख्या-दिव्यासाठी काढलेला. मशिन घरी येतं, खोकं फुटतं, सगळी मंडळी जमतात आणि मग इलेक्ट्रिशियनला फोन जातो. त्याला भिंत फोडून नवी जाड वायर ओढावी लागते. दुकानदाराच्या हप्त्यांच्या कागदावर हा खर्च कुठेच नसतो. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर हीटरवर क्षार चढतात आणि दर काही महिन्यांनी डिस्केलिंगची पावडर घालावी लागते, तीही त्या कागदावर नसते.

माणसाने कपडे आगीवर वाळवायचा उद्योग तसा जुनाच आहे. साधारण १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशों नावाच्या माणसाने भोकं पाडलेलं धातूचं पिंप तयार केलं. त्यात ओले कपडे घालायचे आणि विस्तवावर ते हाताने फिरवत राहायचं. कपडे वाळत, सोबत धुराचा वास घेत, क्वचित काजळी आणि एखादी ठिणगीही. १८९२ साली अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने शेगडीवर कपडे वाळवायच्या चौकटीचं पेटंट घेतलं. डोंबिवलीच्या आजींना हे सांगितलं तर त्या चकित होणार नाहीत. बाळंतघरात निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी आणि लंगोट वाळवण्याची पद्धत त्यांनी स्वतः चालवलेली आहे. कोकणात तर पावसाळाभर चुलीच्या वर बांधलेल्या वलणीवर घराचे कपडे असत आणि आषाढ-श्रावणात अख्ख्या गावाला धुराचाच वास येई. पेटंट घ्यायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच.

विजेच्या ड्रायरची जन्मकथा थंडीची आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हिवाळ्यात दोरीवरचा कपडा गोठून फळी होतो. तिथल्या जे. रॉस मूर यांनी आईचे हाल वाचावेत म्हणून शेडमध्ये तापवलेला ड्रम बसवला. पुढे त्यातूनच १९३८ मध्ये हॅमिल्टन कंपनीचा ‘जून डे’ हा ड्रायर बाजारात आला. विक्रीचा खरा तोडगा मात्र डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्सने सुचवला असं सांगतात: दाराला काच बसवा आणि दुकानात आत भडक रंगांच्या चड्ड्या फिरत ठेवा. बंद पेटीला कोण विचारणार? काच आजतागायत आहे आणि ती आपलं काम चोख करते. शोरूममधल्या फिरत्या ड्रमपुढे बाबा आणि मुलगी चार मिनिटं न बोलता उभे होते. धुणं आणि वाळवणं एकाच पेटीत आणलं ते बेंडिक्सने, १९५३ साली. म्हणजे सत्तर वर्षांहून जास्त काळ लोक ‘घ्यावं की न घ्यावं’ या फेऱ्यात आहेत.

अमेरिकेत दोन वेगळ्या पेट्यांचा पर्याय जिंकला, कारण तिथल्या घरांत जागा आहे. इतकी, की उघड्यावर कपडे वाळत घालणं पुष्कळ वसाहतींना गावंढळ वाटतं आणि तिथल्या मंडळांच्या नियमांत दोरीला बंदी असते. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले सासरे दुसऱ्याच दिवशी सवयीने डेकच्या कठड्याला नायलॉनची दोरी बांधतात आणि चार दिवसांत पत्रपेटीत मंडळाचं पत्र येऊन पडतं. उलट फ्लोरिडा, व्हरमाँट, मेन अशा काही राज्यांनी, बाईमाणसाला आपल्या अंगणात कपडे वाळत घालता यावेत म्हणून चक्क कायदे केले आहेत. फ्लोरिडाचा कायदा १९८० पासूनचा. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या नोटिसा अजून ‘वरच्या मजल्यावरील सभासदांनी कपडे पिळून वाळत घालावेत, खालच्यांच्या कपड्यांवर पाणी ठिबकते’ या टप्प्यावर आहेत.

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर पिनकोडवर ठरतं. सांताक्रूझला चार महिन्यांत साधारण २३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात वर्षाकाठी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. कात्रजच्या पलीकडे माण-खटावकडे गेलं की आकडा आणखी खाली येतो आणि लोकांना चिंता वाळण्याची नसते, धुवायला पाणी मिळेल का याची असते. नागपुरात मे महिन्यात चादरीचं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळू लागतं. महाबळेश्वरात जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, हे सगळे मान्य करूनच राहतात. गोव्याची स्थिती तर पाहण्यासारखी: वेर्ण्याला वॉशिंग मशिनचा मोठा कारखाना, आणि पावसाळ्यात त्याच वेर्ण्यात घरची धुणी वाळता वाळत नाहीत. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० पासून उघड्यावर कपडे वाळवतो आहे; तिथेही आता काही जणांनी मोठी धुण्याची आणि वाळवण्याची यंत्रं बसवली आहेत. रोजचा धंदा ज्यांचा वाळण्यावर, त्यांनी हिशेब करूनच ती बसवली असणार.

सगळेच कपडे या यंत्रात जात नाहीत, हेही घरी आल्यावरच कळतं. कपड्याच्या आतल्या पट्टीवर चौकोनात वर्तुळ असेल तर चालतो, त्यावर फुली असेल तर नाही. ही पट्टी मानेला टोचते म्हणून आपण पहिल्याच दिवशी कापून टाकलेली असते. रेशीम नको, लोकर नको, इलॅस्टिकवाले कपडे जपून. सुती कुर्ता पहिल्या दोन-तीन वाळवणींत आखडतो आणि घरातल्या पुढच्या मापाच्या माणसाकडे जातो. आठ-नऊ वार लांबीची साडी ड्रममध्ये गेली तर ती बाकीच्या सगळ्या कपड्यांना पोटात घेऊन वेणी घालते. वाळते फक्त बाहेरची. आजींचं मत इथे कायमचं पक्कं होतं. एक मात्र न्यायाने सांगायला हवं: टॉवेल. दोरीवर वाळलेला टॉवेल अंग खरवडतो, यंत्रातून निघालेला फुगतो, मऊ लागतो. मुलीचं मत त्या एका टॉवेलमुळे आजही यंत्राच्या बाजूने आहे.

मुलीकडे दुसरा मुद्दाही आहे आणि तो सगळ्यांत बळकट. गणवेश दोनच. सोमवारी एक भिजतो, मंगळवारी दुसरा, बुधवारी दमट घालून जायचं. बहुतेक वॉशर ड्रायरमध्ये किलोभर कपड्यांसाठी धुणं-वाळवणं एकत्र करणारा छोटा कार्यक्रम असतो. तास-दीड तासात गणवेश, मोजे आणि रुमाल कोरडे. म्हणजे जाहिरातीत दाखवतात ती आठ किलोंची कामगिरी या यंत्राला नीट जमत नाही, पण जाहिरातीत कुणी दाखवत नाही ती एक किलोची कामगिरी ते झकास करतं. पोलिस, परिचारिका, हॉटेलातली मंडळी, रोज ठरावीक कपडे घालून कामावर जाणाऱ्या सगळ्यांना हे लागू.

डोंबिवलीच्या घरात चर्चा ऑगस्टभर चालली. सप्टेंबरात गणपतीची पाहुणेमंडळी आली आणि सगळ्यांनी आपापल्या घरातल्या यंत्रांची प्रकरणं सांगितली. ऑक्टोबर उजाडला, ऊन कडकडीत पडलं, कपडे दोन तासांत वाळू लागले आणि विषय पुढच्या जूनवर गेला. बऱ्याच घरांत हा निर्णय असाच दर ऑक्टोबरला लांबणीवर पडतो.

तरी निकाल द्यायचाच तर असा. मुंबई-कोकण-गोव्याच्या पट्ट्यात राहता, घरात एक-दोन माणसं, वाळत घालायला खरंच जागा नाही, नळाला दिवसभर पाणी आणि १६ अँपिअरचा पॉइंट तयार आहे, तर वॉशर ड्रायर बिनधास्त घ्या. तुमच्यासाठीच तो केलेला आहे. घरात चार-पाच माणसं, साड्या आणि चादरी, आणि पुलीच्या दांड्या बसवण्याइतकं छत असेल, तर १२०० ते १४०० फेऱ्यांचं साधं फ्रंट लोड घ्या आणि वाचलेल्या पैशांतून दांड्यांच्या समोर भिंतीवर एक पंखा लावा. जागा दोन पेट्यांची असेल तर ड्रायर वेगळाच बरा. घाटावर आणि विदर्भात असाल तर दोरी आणि चिमटे पुरे.

आणि काहीही घ्यायचं ठरवलंत तरी शोरूममध्ये जाण्याआधी एका रविवारचे कपडे घरी काट्यावर मोजा. तिथे गेल्यावर दारावरचा मोठा आकडा सोडून द्या आणि विक्रेत्याला शेजारचा लहान आकडा मोठ्याने वाचायला सांगा.